खर्ड्याचा विजय आणि असईचे रणांगण

आम्ही शाळेत असताना इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास येत असे : ‘दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची कारणे लिहा.’ उत्तरही ठरलेले असे. दुसऱ्या बाजीरावाचा दुबळेपणा, वसईचा तह आणि लॉर्ड वेलस्लीची राज्यतृष्णा. तीन कारणे लिहिली की गुण पदरात पडत आणि असईच्या लढाईकडे वळता येई. या उत्तरात खोटे असे काही नव्हते. पण पुढे मराठवाड्याचा नकाशा समोर पसरून बसण्याचा योग आला, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, त्या उत्तरातून बीड जिल्ह्याच्या आसपासचा सारा मुलूखच गळून पडला होता. लढाई मराठवाड्याच्या मातीत झाली, कारणे मात्र पुणे, वसई आणि कलकत्ता येथे शोधली गेली.

नकाशा पाहा. बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, आष्टी व पाटोदा तालुक्यांच्या शिवेपलीकडे, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. तेथे ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठी गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी तरुण माधवराव पेशव्यांनी निजाम अलीच्या फौजेची धूळधाण केली होती. आणि गोदावरी ओलांडून जालन्याच्या पुढे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडे, केळणा नदीकाठी असई. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांना आर्थर वेलस्लीने हरवले. पहिल्या दोन ठिकाणी मराठे जिंकले, तिसऱ्या ठिकाणी हरले. आमचे म्हणणे असे की, तिसऱ्या ठिकाणच्या पराभवाचे बी दुसऱ्या ठिकाणच्या विजयातच पडले होते.

हे म्हणणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. खर्ड्याचा विजय म्हणजे मराठेशाहीचा अखेरचा मोठा एकवटलेला पराक्रम, असेच आपण वाचत आलो. ते खरेच आहे. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एका झेंड्याखाली जमले होते. त्यानंतर ते तसे पुन्हा कधी जमले नाहीत. पण ते कशासाठी जमले होते, हे पाहिल्याखेरीज पुढचा उलगडा होत नाही.

भांडण पैशाचे होते. दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा १७१९ साली शाहू छत्रपतींना दिल्लीहून मिळाल्या, तेव्हापासून या मुलखात दुहेरी अंमल चालू होता. राज्य निजामाचे, पण वसुलाचा ठरावीक हिस्सा मराठ्यांचा. बीडसारख्या परगण्यातल्या रयतेच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, खळ्यावर एकाऐवजी दोघांचे कारकून उभे राहत. हैदराबादेने हा हिस्सा थकवायचा, पुण्याने तगादा लावायचा, मग फौजा निघायच्या आणि गोदावरीच्या दोन्ही तीरांवरची पिके तुडवली जायची. खर्ड्याच्या वेळी थकबाकी कोट्यवधी रुपयांवर गेली होती. नाना फडणीसांनी ती मागितली. निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क याने मागणी उडवून लावली आणि दोन्हीकडील लष्करे या कोरड्या मुलखात उतरली.

निजामाला त्या वेळी एक आशा होती. इंग्रज हे त्याचे दोस्त. टिपूविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज, निजाम आणि पेशवे असे तिघे एकत्र लढून तीन वर्षेही झाली नव्हती. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी मराठ्यांशी वैर घेण्याचे साफ नाकारले. निजामाच्या पदरी इंग्रजांच्या दोन पलटणी होत्या, त्यांनाही या लढाईत उतरू दिले नाही. निजाम एकटा पडला, हरला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. तहात त्याने दौलताबादेसह सुमारे तीस लाखांचा मुलूख आणि तीन कोटी रुपये देण्याचे कबूल केले. शिवाय अपमानाची परमावधी म्हणजे आपला दिवाण मशीरुल्मुल्क यालाच मराठ्यांच्या हवाली केले. दिवाण ओलीस म्हणून पुण्याला गेला.

या माणसाकडे आपल्या पाठ्यपुस्तकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. मशीरुल्मुल्क पुण्यात कैदेत होता, पण त्याचे डोळे उघडे होते. खर्ड्याच्या विजयाला आठ महिने होतात न होतात तोच, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून मरण पावले. वय अवघे एकवीस, पोटी संतान नाही. गादीवर कोण, या प्रश्नाने पुणे दुभंगले. नाना एकीकडे, परशुरामभाऊ दुसरीकडे, दौलतराव शिंदे आज या बाजूला तर उद्या त्या बाजूला. प्रत्येकाला मित्र हवा होता आणि मित्राची किंमत देण्यास प्रत्येकजण तयार होता. ओलीस म्हणून आणलेला दिवाण या बाजारात आपला भाव ओळखून होता. नानांनी त्याच्याशी संधान बांधले. ८ ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या तहाने खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सारे परत देण्याचे ठरले आणि दिवाण सन्मानाने सुटला. रणांगणावर जे एका दिवसात मिळाले होते, ते घरच्या भांडणापायी दीड वर्षात गेले.

गेले ते पैसे आणि मुलूख. राहिली ती भीती. खर्ड्याला निजाम दोन गोष्टी शिकला : मराठे एकत्र आले तर आपण टिकत नाही आणि नुसत्या दोस्तीच्या कागदावर इंग्रज धावून येत नाहीत. आरंभी त्याने आपली फ्रेंच पलटण वाढवली. मिशेल रेमों हा तिचा सेनापती. मार्च १७९८ मध्ये रेमों वारला आणि त्याच सुमारास कलकत्त्यास लॉर्ड वेलस्ली दाखल झाला. हैदराबादेत पुन्हा अधिकारावर आलेला दिवाण होता तोच मशीरुल्मुल्क. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. ऑक्टोबरात फ्रेंच पलटण निःशस्त्र करण्यात आली. १२ ऑक्टोबर १८०० च्या दुसऱ्या तहाने फौज वाढली आणि तिच्या खर्चासाठी निजामाने म्हैसूरकडून मिळालेला सारा मुलूख इंग्रजांना तोडून दिला. बदल्यात इंग्रजांनी हमी घेतली की, निजामाच्या सीमेवर जो कोणी पाऊल ठेवील, तो आमचा शत्रू.

ही हमी हाच असईच्या लढाईचा पाया आहे. तिच्यामुळे बीड, जालना, परांडा हा सारा मुलूख एका रात्रीत निराळा झाला. जमीन तीच, पाटील-कुलकर्णी तेच, पण आता चौथाईच्या वसुलीसाठी मराठ्यांचे घोडदळ गोदावरी उतरले तर ते पूर्वीसारखे निजामाशी भांडण राहणार नव्हते. ते कंपनी सरकारशी युद्ध ठरणार होते. पुण्यातील मुत्सद्द्यांपैकी ही गोष्ट नेमकी ओळखली ती नाना फडणीसांनी. पण १३ मार्च १८०० रोजी नाना वारले.

नानांच्या अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. दौलतरावाच्या पदरी मायकेल फिलोज नावाचा नेपल्सचा एक सेनाधिकारी होता. धर्माने आपल्याच पंथाचा, कॅथलिक. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना भेटीसाठी शिंद्यांच्या छावणीत गेले ते या फिलोजने त्यांच्या सुरक्षिततेचे वचन दिले म्हणून. आणि छावणीत त्यांना पकडले तेही फिलोजच्याच पलटणीने. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आपण देवमंदिरात उपकारस्तुतीसाठी जमतो, त्या दिवशी एका ख्रिस्ती माणसाने शब्द मोडला. पुढे याच फिलोज घराण्यातील एकाने ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा उभारला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग ही पहिली गोष्टही सांगायला हवी.

येथे थोडे विषयांतर होईल, पण ते करणे भाग आहे. असईचा इतिहास सांगताना आपल्याकडे नकळत एक चित्र उभे केले जाते : एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला गोरे ख्रिस्ती. आपल्या मुलांना शाळेत कधीमधी ऐकावे लागते की, तुम्ही इंग्रजांबरोबर आलात. या चित्राला कागदोपत्री आधार नाही. पेशव्यांच्या तोफखान्यात गोव्याकडचे ख्रिस्ती गोलंदाज होते. पुण्यात त्यांच्यासाठी देवमंदिर नव्हते, म्हणून पेशव्यांच्या लष्करातील डॉम मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याने विनंती केली आणि सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली. १७९२ च्या नाताळात तेथे मिस्सा झाली. आज क्वार्टर गेटजवळ जे सिटी चर्च आहे, त्याचा उगम हा. पुण्यात इंग्रजांची सत्ता येण्याच्या पंचवीस वर्षे आधीचा. शिंद्यांची कवायती फौज ज्याने उभारली तो बेन्वा द बॉन्य सॅव्हॉयचा. त्याच्यामागून आलेला पेराँ फ्रान्सचा. आणि उत्तरेकडील सरधन्याची बेगम समरू, १७८१ साली आग्र्याला बाप्तिस्मा घेऊन जोआना झालेली, सरधन्याचे भव्य चर्च जिने पुढे बांधविले, तीदेखील शिंद्यांच्याच पक्षात होती. असईला तिच्या पलटणी मराठ्यांच्या बाजूने हजर होत्या. सांगायचे ते एवढेच की, १८०३ मध्ये धर्मावरून बाजू ठरत नव्हत्या. पगारावरून ठरत होत्या.

पगार हाच शब्द आम्ही या साऱ्या कहाणीत फिरफिरून वाचतो. कवायती पलटणी प्रभावी होत्या, पण त्यांना रोख वेतन लागे. पूर्वीचा मराठा शिलेदार पावसाळ्यात गावी जाऊन नांगर धरी. पलटणीतला शिपाई बारमाही पोसावा लागे. महादजी शिंद्यांनी द बॉन्यला दोआबातला सुपीक मुलूख त्यासाठी लावून दिला होता. महादजी १७९४ मध्ये वारले आणि फौज पंधरा वर्षांच्या दौलतरावाकडे आली. बीडकरांना महादजींचे नाव निराळ्या नात्याने परिचित आहे. बीडचे सूफी सत्पुरुष मन्सूरशाह यांना महादजी गुरुस्थानी मानीत. त्यांचा दर्गा बीडमध्ये आहे आणि शिंदे घराण्याने ती भक्ती ग्वाल्हेरीसही चालविली. दौलतरावाला वारशात ही भक्तीही मिळाली आणि ते बिनपगारी लष्करही.

बाजीरावाला गादी मिळवून देण्याबद्दल दौलतरावाला दोन कोटी रुपये कबूल झाले होते. बाजीरावाजवळ ते नव्हते. तेव्हा पुण्यातील धनिकांकडून तुम्हीच वसूल करा, असे सांगून तो मोकळा झाला. १७९८ साली दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याने ही वसुली सुरू केली. सावकारांना, जुन्या कारभाऱ्यांना घरातून ओढून काढले, तापलेल्या तोफांना बांधले. काही त्यात मेले. पेशव्याच्या राजधानीत पेशव्याच्या संमतीने पेशव्याची प्रजा लुटली गेली. ज्या शहराने खर्ड्याच्या विजयाचे नगारे ऐकले, त्याने तीन वर्षांनी हे पाहिले.

होळकरांशी वैर याच काळात पिकले. तुकोजी होळकर १७९७ च्या ऑगस्टात पुण्यास वारले. पुढच्याच महिन्यात त्यांचा पुत्र मल्हारराव शिंद्यांच्या हल्ल्यात मारला गेला आणि मल्हाररावाचे तान्हे मूल खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात राहिले. यशवंतराव व विठोजी हे भाऊ निसटले. १८०१ च्या एप्रिलात विठोजी पकडला गेला, तेव्हा बाजीरावाने त्याला शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी देऊन ठार केले आणि ते वरून पाहिले. यशवंतरावाने उज्जैन लुटली, शिंद्यांनी इंदूर लुटले. तरीही यशवंतराव पुण्यावर चालून येत असताना पेशव्याला पत्रे धाडीत होता. आपण धनी आहात, खंडेरावाला सोडवा, आमची दौलत आम्हाला द्या, एवढे त्याचे मागणे. मागणे अवास्तव नव्हते. नाना असते तर त्यांनी निदान ऐकून घेतले असते, असे आम्हांस वाटते. बाजीरावाने ऐकले नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरजवळ यशवंतरावाने पेशवे व शिंदे यांच्या फौजा मोडल्या. त्याच दिवशी बाजीरावाने तैनाती फौजेला संमती देणारा कागद इंग्रज वकील क्लोज याच्याकडे पाठवून दिला आणि स्वतः सिंहगडाकडे पळाला. सिंहगडावरून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असा फिरत तो समुद्रमार्गे डिसेंबराच्या मध्यास वसईला उतरला.

वसईच्या वाचकांना त्या किल्ल्याविषयी आम्ही काय सांगावे! १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी तो फिरंग्यांकडून घेतला, तेव्हा शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्तीजनांच्या धर्माचरणास अभय दिलेले होते. १७८० मध्ये तो इंग्रजांनी घेतला, सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत मिळाला. ज्या किल्ल्यासाठी मराठ्यांनी एवढे रक्त सांडले, त्याच किल्ल्याच्या आश्रयाला येऊन चिमाजींच्या नातवाने, म्हणजे थोरल्या बाजीरावाच्या पणतूच्या पिढीतही न शोभेल अशा घाईने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी तहावर मोहोर उठवली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण नाते नीट सांगावे : दुसरा बाजीराव हा राघोबादादाचा पुत्र, थोरल्या बाजीरावाचा सख्खा नातू. चिमाजी आप्पा त्याचे चुलत आजोबा. नाव आजोबांचे आणि गडही आजोबांच्या भावाने जिंकलेला.

तहातील कलमांपैकी तैनाती फौजेचे कलम सर्वांना पाठ असते : किमान सहा हजार पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय राष्ट्रांच्या लोकांना चाकरीत न ठेवण्याचे कलमही सांगितले जाते. मराठवाड्याच्या दृष्टीने वजनाचे कलम तिसरेच होते. निजामाशी पेशव्यांचे जे जे देणेघेणे, जे जे दावे असतील, त्यांचा निवाडा यापुढे इंग्रज करतील आणि तो पेशव्यांस बंधनकारक राहील. ज्या चौथाईसाठी राक्षसभुवन आणि खर्डा झाले, जिच्या हिशेबासाठी एका दिवाणाला ओलीस ठेवले, ती चौथाई एका ओळीने इंग्रज पंचाच्या हाती गेली. एकीकडे निजामाची हमी, दुसरीकडे पेशव्याचे वकीलपत्र. दोन्ही कागद एकाच दप्तरात.

शिंदे आणि भोसले यांना याचा अर्थ न समजण्याइतके ते अजाण नव्हते. सालबाईच्या तहाला महादजी जामीन राहिले होते. त्यांच्या वारसाला न विचारता पेशवा राज्याचे हात बांधून देतो, ही दौलतरावाची तक्रार न्याय्य होती. खुद्द इंग्लंडात बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे यांनीही या तहाने आपण मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणात गुंतत जाऊ, असा आक्षेप घेतला. गंमत म्हणजे, बाजीराव स्वतःही तहावर खूश नव्हता. १३ मे १८०३ रोजी इंग्रज संगिनींच्या पहाऱ्यात पुण्याच्या गादीवर पुन्हा बसला आणि गुपचूप शिंदे-भोसल्यांना पत्रे पाठवू लागला. ज्याच्या तहाच्या रक्षणासाठी इंग्रज लढणार, तोच तह मोडावा म्हणून दुसऱ्यांना चिथावतो आहे, असा हा खेळ.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडी या मुलखात फौजांची दाटी झाली. निजामाची फौज व इंग्रजांची तैनाती पलटण मार्चअखेर परांड्यास जमली होती. होळकर उत्तरेकडे परतताना औरंगाबादेवर, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरावर, खंडणी बसवून गेला. शिंदे-भोसले अजिंठ्याच्या घाटाजवळ निजामाच्या सरहद्दीशी तळ देऊन बसले. आर्थर वेलस्ली नगरच्या बाजूला. आणि पावसाने ओढ दिली. १८०३-०४ चा दख्खनचा दुष्काळ भयंकर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे निम्मे पाप आभाळाचे असेल, निम्मे या छावण्यांचे आणि त्यांच्यामागून हिंडणाऱ्या पेंढाऱ्यांचे. ज्यांच्या शेतांतून ही लष्करे गेली त्यांना वसईत काय ठरले हे कोणी सांगितले नव्हते.

वाटाघाटी शिंद्यांच्या छावणीत इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स करीत होता. त्याने युद्ध की तह असे विचारले, तेव्हा रघूजींची भेट झाल्यावर सांगू, असे दौलतरावाने उत्तर दिले. भेट जूनच्या आरंभी झाली, पण उत्तर काही मिळेना. इंग्रजांचे म्हणणे : तुम्ही आपापल्या मुलखात परत जा, मग आम्ही फौजा हलवू. मराठ्यांचे म्हणणे : आधी तुम्ही मुंबई, मद्रास, श्रीरंगपट्टणास जा, मग आम्ही जाऊ. कोण आधी पाठ फिरवणार, यावर महिना गेला. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता आणि दोघांकडेही अविश्वासाला कारण होते. उशीर दौलतरावाच्या पथ्यावर पडेल असे त्याला वाटत होते, कारण होळकर येऊन मिळेल ही आशा. होळकर माळव्यात स्वस्थ बसला. भावाचे रक्त तो विसरला नव्हता. तिकडे लॉर्ड वेलस्लीला युरोपातील वाऱ्यांची घाई होती. मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध पुन्हा पेटले होते आणि यमुनेकाठी पेराँच्या पलटणी म्हणजे नेपोलियनचे हिंदुस्थानातील ठाणे, असे त्याच्या मनाने घेतले होते. त्याने २६ जूनला भावाला युद्ध-तहाचे पूर्ण अधिकार दिले. ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. ६ ऑगस्टला आर्थर वेलस्लीने युद्ध पुकारले. त्याच दिवशी हैदराबादेत वृद्ध निजाम अली मरण पावला. राक्षसभुवनचा आणि खर्ड्याचा पराजित, चाळीस वर्षे या भांडणातला एक पक्षकार, नेमका त्या दिवशी गेला.

१२ ऑगस्टला नगरचा किल्ला पडला. २४ ऑगस्टला शिंदे-भोसल्यांचे घोडदळ अजिंठा घाटातून निजामाच्या मुलखात उतरले, जालन्याकडे आले आणि तेथून आग्नेयेस वळले. गोदावरी उतरून थेट हैदराबादेवर जावे, नव्या निजामाची गादी स्थिर होण्याआधीच, असा बेत असल्याची बातमी होती. बेत जुना होता. मराठी घोडदळाच्या अंगवळणी पडलेला. बीड परगणा मग त्यांच्या वाटेतच येणार होता. वेलस्ली औरंगाबादेहून लगबगीने गोदावरीवर आला तो राक्षसभुवनाशी. तेथून तो उत्तर काठाने पूर्वेकडे सरकत राहिला आणि मराठ्यांना पाण्यापर्यंत येऊ दिले नाही. जेथे चाळीस वर्षांपूर्वी माधवरावांनी निजामाला गाठले होते, तेथेच आता निजामाचा पाठीराखा उभा राहून मराठ्यांची वाट अडवीत होता. घोडदळाला पायदळ व तोफा येऊन मिळाव्यात म्हणून शिंदे-भोसले मागे, उत्तरेकडे वळले. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत, असई गावाशी, दोन्ही सैन्यांची गाठ पडली.

लढाईचे वर्णन येथे करीत नाही. ते पुष्कळांनी केले आहे. शिंद्यांच्या पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन होता. त्याचे गोलंदाज तोफांजवळ उभे राहून मेले. वेलस्लीच्या साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या पलटणी सैन्यापैकी मेलेले व जखमी मिळून दीड हजारांवर भरले. म्हणजे तीन माणसांमागे एक. शिंद्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा हाती आल्या. बेगम समरूच्या पलटणी सामानसुमानाच्या रक्षणाला ठेवल्या होत्या, त्या बऱ्याच अंशी शाबूत निघून गेल्या. तशी मराठी फौज लढण्यात उणी पडली नव्हती. ती उणी पडली होती ती आठ वर्षे आधीपासून, पुण्यात.

आम्हांला विचाराल तर लॉर्ड वेलस्लीला दोष दिल्याने काम भागत नाही. त्याला राज्य हवे होते, हे उघडच आहे. तो त्यासाठीच आला होता. पण त्याच्या हाती जी दोन हत्यारे आली, निजामाची हमी आणि पेशव्याचा तह, ती त्याने घडवली नव्हती. पहिले खर्ड्याच्या भीतीने घडले आणि दुसरे हडपसरच्या. शत्रूला हरवून त्याला उभे राहण्यास जागा न ठेवणे ही एक चूक. हरवल्यावर मिळालेले आपसात उधळून टाकणे ही दुसरी. दोन्ही एकाच पिढीने केल्या.

१७ डिसेंबर १८०३ रोजी देवगाव येथे भोसल्यांनी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी तह केले. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख गेला, नगर गेले. वर्धेच्या पश्चिमेकडचा भोसल्यांचा वऱ्हाड निजामाला मिळाला. निजामाने लढाई न लढता खर्ड्याचा वचपा काढला, असे म्हणता येईल. मात्र त्या दिवसापासून त्याची फौज त्याची उरली नाही. मोमिनाबादेत, म्हणजे अंबाजोगाईस, पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबादी पलटणींची छावणी पडली. आणि १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, बीड परगण्यात धर्माजी प्रतापराव यांनी निजामाविरुद्ध बंड उभारले, तेव्हा ते मोडण्यासाठी आलेला रिसाला निजामाचा होता. त्याच्या अग्रभागी घोड्यावर होता लेफ्टनंट जॉन सदरलँड.